व्हीएमवर आर्कजीआयएस एंटरप्राइझ: सीपीयू ३५ टक्के, तरी ११ वाजल्यानंतर नकाशा ८ सेकंद का घेतो?

खामकाठ

नमस्कार मंडळी. शहराच्या पाणीपुरवठा आणि मालमत्ता नकाशांसाठी आमच्याकडे आर्कजीआयएस एंटरप्राइझ ११.१ (नकाशे सर्व्हरवरून वाटणारं सॉफ्टवेअर) चालतं, विंडोज सर्व्हर २०१९ वर, सगळं व्हीएमवेअरमध्ये, म्हणजे एका खऱ्या मशीनवर (होस्ट) अनेक आभासी मशीनं (व्हीएम). सर्व्हर रूम संभाजीनगरातच. दोन होस्ट आहेत, प्रत्येकी २ सॉकेट × १६ कोअर, २.१ गिगाहर्ट्झ, २५६ जीबी रॅम. स्टोरेज एकच, आयस्कझीवर, १० हजार आरपीएमच्या सॅस डिस्कांचं रेड ५. जीआयएसच्या चार व्हीएम अशा:

सर्व्हर (नकाशा रंगवतो): १६ व्हीसीपीयू (आभासी कोअर), ६४ जीबी
पोर्टल (लॉगिन आणि वेब नकाशे): ८ व्हीसीपीयू, ३२ जीबी
डेटा स्टोअर (होस्टेड लेयरचा डेटा): ८ व्हीसीपीयू, ३२ जीबी
पोस्टग्रेस (एंटरप्राइझ जिओडेटाबेस): १६ व्हीसीपीयू, ६४ जीबी

चारही पहिल्या होस्टवर. तिथेच कार्यालयाच्या इतर ९ व्हीएम आहेत, त्यांचे मिळून ६४ व्हीसीपीयू. दुसऱ्या होस्टवर सगळे मिळून ४०. आर्कजीआयएस सर्व्हरचा परवाना ८ कोअरचा. प्रकाशित सर्व्हिस ७४.

सकाळी ११ ते १ मध्ये वॉर्ड कार्यालयांतली मंडळी कामाला लागली की मालमत्तेचा लेयर उघडायला ८-१० सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३५ टक्क्यांच्या वर जात नाही, रॅम निम्मी मोकळी. आधी सर्व्हरला ८ व्हीसीपीयू होते. १६ केले तर उलट जास्तच अडकायलंय.

दुसरी भानगड: रात्रीच्या व्हीएम बॅकअपनंतर मधूनमधून होस्टेड लेयरमध्ये एडिट सेव्ह होत नाही, डेटा स्टोअर रीड-ओन्ली दिसतं.

२४ व्हीसीपीयू करू, की तिसऱ्या होस्टचा प्रस्ताव टाकू?

रॅक_नंबर_३

व्हीसीपीयू वाढवू नका, कमी करा. तुमच्याच आकड्यांवरून पहिल्या होस्टवर ४८ अधिक ६४, म्हणजे ११२ व्हीसीपीयू ३२ खऱ्या कोअरवर बसलेत. साडेतीनास एक. फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर असल्या व्हीएमना ते चालून जातं. नकाशा रंगवणाऱ्या सर्व्हरला नाही. हायपरथ्रेडिंगमुळे ६४ दिसत असतील, पण ते ६४ कोअर नव्हेत. दोन थ्रेड एकाच कोअरवर, एकाच चुलीवर दोन भांडी.

टास्क मॅनेजरचे ३५ टक्के विसरा. व्हीएमला ज्या क्षणी कोअर मिळालेलाच नाही, त्या क्षणाचा हिशेब आतल्या विंडोजला लागत नाही. मोजायचं ते होस्टवर. एसएसएचने होस्टवर जा, ईएसएक्सटॉप (होस्टचं मोजमाप दाखवणारं टूल) चालवा, सीपीयूच्या पानासाठी सी, फक्त व्हीएम दिसायला कॅपिटल व्ही. दोन रकाने बघा: रेडी (कोअरची वाट बघण्यात गेलेला वेळ) आणि को-स्टॉप (तो काय ते खाली). तिथे दिसणारा रेडी हा सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो, म्हणून १६ ने भागा. भागून ५ टक्क्यांपर्यंत ठीक, १० च्या वर गेलं की वापरणाऱ्याला जाणवतंच. को-स्टॉप ३ च्या वर असेल तर व्हीएम नको इतकी रुंद आहे. व्हीसेंटरच्या (सगळे होस्ट सांभाळायचं पॅनेल) रिअल-टाइम आलेखात हीच गोष्ट मिलिसेकंदात येते आणि तिथे फसगत होते: आलेखाचा एक ठिपका २० सेकंदांचा, म्हणून मिलिसेकंद भागिले २०,०००, भागिले व्हीसीपीयू, गुणिले १००.

१६ केल्यावर जड का झालं? पंगत डोळ्यासमोर आणा. ज्याचं जेवण आधी झालं त्याला शेवटचं पान उठेपर्यंत उठता येत नाही. व्हीएमचे काही व्हीसीपीयू पुढे गेले आणि काही कोअरची वाट बघत मागे राहिले, तर शेड्युलर पुढच्यांना मुद्दाम थांबवतो. तोच को-स्टॉप. ८ जणांची पंगत लवकर उठते.

आता काय करायचं. सर्व्हर ८, पोस्टग्रेस ८, पोर्टल ४, डेटा स्टोअर ४. परवाना ८ कोअरचा असताना व्हीएम १६ ची ठेवणं हा तांत्रिक सोडून कागदोपत्री घोळ आहेच, तो याच फटक्यात मिटेल. कार्यालयाच्या ९ पैकी निम्मा भार दुसऱ्या होस्टवर हलवा. सर्व्हर आणि पोस्टग्रेस मात्र एकाच होस्टवर, एकाच व्हर्च्युअल स्विचवर राहू द्या. त्यांच्यातली बडबड मग केबलवर उतरतच नाही.

मेमरी: चारही व्हीएमना पूर्ण रिझर्व्हेशन. नाहीतर होस्टला रॅमची चणचण भासली की बलून ड्रायव्हर आतून रॅम काढून घेतो, आणि पोस्टग्रेस व जावा दोघांनाही ते सोसत नाही. पण आत्ताचे आकडे तसेच रिझर्व्ह केले तर १९२ जीबी बांधली जाईल, आणि पहिला होस्ट पडला तर दुसऱ्यावर तेवढी मोकळी जागा निघेल का बघा. सर्व्हर ४८, पोर्टल १६, डेटा स्टोअर २४, पोस्टग्रेस ४८ केलंत तर १३६ मध्ये भागतं. तुमची निम्मी रॅम मोकळी पडून आहे म्हणताच आहात.

बाकीचे पटापट. सीपीयू हॉट-ॲड बंद करा. ८ पेक्षा मोठ्या व्हीएममध्ये त्याने व्हीन्यूमा (कोणती रॅम कोणत्या सॉकेटजवळ हे व्हीएमला दाखवणं) मारला जातो, आणि कुणीतरी गुपचूप व्हीसीपीयू वाढवण्याची सोयही संपते. व्हीएमवर सीपीयूची लिमिट कुणी लावून ठेवलीय का बघा. जुन्या टेम्प्लेटमधून आलेली लिमिट वर्षानुवर्षं तशीच राहते, ईएसएक्सटॉपमध्ये तिचा वेगळा रकाना आहे. होस्टच्या बायोसमध्ये पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्सवर, ईएसएक्सआयमध्ये (होस्टवरचं व्हीएमवेअर) पॉवर पॉलिसी बॅलन्स्डवरून हाय परफॉर्मन्सवर, आणि विंडोजच्या आतही तेच. नकाशाची एक रिक्वेस्ट एकच प्रोसेस रंगवते, ती १६ कोअरवर वाटली जात नाही. म्हणून २.१ चा प्रोसेसर टर्बोत जातोय की नाही यावर सेकंद ठरतात. पुढे होस्ट घ्यायची वेळ आलीच तर ३२ संथ कोअरपेक्षा १६ वेगवान कोअरचं मशीन मागा. आणि मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी टेकला की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. उन्हाळ्यातच हळू होत असेल तर तापमानाचा लॉग आधी काढा.

गोदाकाठ_नांदेड

वरचं सगळं बरोबर, पण दादा, होस्टकडे जाण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करा. तीन जागी एकाच विस्ताराचा, एकाच आकाराचा नकाशा मागवा. पहिल्यांदा सर्व्हर व्हीएमच्या आत बसून ब्राउझरमधून थेट ६४४३ पोर्टवर, मॅप सर्व्हिसच्या एक्स्पोर्ट पानावरून. दुसऱ्यांदा तेच वेब ॲडॉप्टरमधून (बाहेरच्या रिक्वेस्ट आत आणणारं दार). तिसऱ्यांदा आर्कजीआयएस प्रोमध्ये (डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर) तोच लेयर त्याच डेटाबेसवरून. प्रोमध्येच ५ सेकंद लागत असतील तर दोष व्हीएमचा नाही, लेयरचा आहे. सोन्याचा होस्ट आणलात तरी सर्व्हिस त्याहून वेगात येणार नाही. प्रोमध्ये १ सेकंद आणि ६४४३ वर ८, तर सर्व्हर व्हीएम. ६४४३ वर १ आणि बाहेरून ८, तर वेब ॲडॉप्टर, फायरवॉल, नाहीतर वॉर्डाची लाइन.

लेयरचं नेहमीचं दुखणं म्हणजे मालमत्तेचा पॉलिगॉन लेयर, लेबलसकट, सगळ्या स्केलला चालू. १:५००० च्या बाहेर तो दिसताच कामा नये. लेबलं १:१००० च्या आत. वॉर्ड क्रमांक, मालमत्ता क्रमांक ज्या रकान्यांवर शोध होतो तिथे ॲट्रिब्यूट इंडेक्स. पारंपरिक व्हर्जनिंगवर एडिट चालत असेल तर कॉम्प्रेस (साठलेले बदल मूळ टेबलात मुरवणं) शेवटचं कधी केलं ते बघा. ॲड आणि डिलीट टेबलं फुगली की साधी सिलेक्ट क्वेरीही रांगत जाते.

आता आर्कसॉक, म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोसेस. ७४ सर्व्हिस, प्रत्येकी डेडिकेटेड इन्स्टन्स किमान १, कमाल २, हे मूळ सेटिंग कुणी बदललेलं नसतं. म्हणजे रिकाम्या रात्रीही ७४ प्रोसेस उभ्या. एकेक सरासरी २०० एमबी धरली तरी १५ जीबीच्या आसपास नुसती बसून. ११ वाजता त्या १४८ च्या दिशेने जातात आणि व्हीसीपीयूंवर झुंबड. मॅनेजरमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये गेल्या आठवड्याच्या रिक्वेस्ट सर्व्हिसवार काढा. जवळजवळ सगळीकडे असं दिसतं की दहा-बारा सर्व्हिस गाडा ओढतात, बाकी पाटीपुरत्या. ओढणाऱ्यांपैकी वरच्या पाचांना किमान २, कमाल ४. उरलेल्या ओढणाऱ्यांना १ आणि २. बाकी सगळ्या शेअर्ड पूलमध्ये. पूल मुळात ४ इन्स्टन्सचा असतो, ८ करा. शेअर्डमध्ये फक्त प्रोमधून प्रकाशित झालेल्या मॅप सर्व्हिस जातात. जिओप्रोसेसिंगच्या क्वचित लागणाऱ्या सर्व्हिसला किमान ० ठेवा, पहिल्या माणसाला थोडं थांबावं लागतं इतकंच.

एक गोष्ट सगळे विसरतात ती अँटिव्हायरस. आर्कजीआयएस सर्व्हरच्या डिरेक्टरी, कॉन्फिग-स्टोअर, पोर्टलचा कंटेंट आणि डेटा स्टोअरचं फोल्डर ऑन-ॲक्सेस स्कॅनमधून वगळा. कॉन्फिग-स्टोअर म्हणजे बारक्या बारक्या फाइल्सचं पोतं. प्रत्येक फाइल उघडताना स्कॅनर आडवा आला की सर्व्हिस सुरू व्हायलाच मिनिट लागतं.

ड्रोनची ऑर्थो (वरून काढून नकाशावर बसवलेली प्रतिमा) असेल, तिचं काय केलंत ते लिहिलं नाहीत. कच्ची टिफ मॅप सर्व्हिसमध्ये टाकून ठेवली असेल तर सगळ्या दुखण्याचं मूळ तेच निघू शकतं. पिरॅमिड बांधा, क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ किंवा सीआरएफ करा, आणि नुसती पार्श्वभूमी म्हणून लागते तर सरळ टाइल कॅश. प्रक्षेपण पण बघा: डेटा यूटीएम ४३ मध्ये आणि वेब नकाशा वेब मर्केटरमध्ये, तर प्रत्येक रिक्वेस्टला इमेजचा प्रत्येक पिक्सेल उलटापालटा होतो. पार्श्वभूमीची कॅश वेब मर्केटरमध्येच बनवा, मूळ डेटा यूटीएममध्ये राहू द्या. (जाता जाता: मराठवाडा जवळजवळ सगळा झोन ४३ मध्ये येतो, पण किनवट ७८ अंश पूर्वेच्या पलीकडे, झोन ४४ मध्ये आहे. आमच्याकडे नांदेड जिल्ह्याचं काम करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.)

रॅक_नंबर_३

ताईंच्या इमेजच्या मुद्द्यावर डिस्कचं राहिलं. ऑर्थोची व्हीएमडीके आणि पोस्टग्रेसचा वॉल (बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) एकाच रेड ५ लनवर (स्टोरेजच्या एकाच तुकड्यावर) असतील तर वॉलची प्रत्येक छोटी राइट इमेजच्या मोठ्या रीडमागे उभी राहते, वर रेड ५ ची राइट मुळातच महाग. ईएसएक्सटॉपमध्ये यू दाबा. डिव्हाइस लेटन्सी २०-२५ मिलिसेकंदांच्या वर टिकून असेल तर स्टोरेज दमलंय, कर्नल लेटन्सी २ च्या वर तर रांग होस्टमध्येच लागलीय. पोस्टग्रेससाठी डेटा आणि वॉल वेगळ्या व्हीएमडीके, वेगळ्या पीव्हीस्कझी कंट्रोलरवर. एका व्हीएमला असे ४ कंट्रोलर लावता येतात. नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट३ आहे ना तेही बघून घ्या. होस्टइतक्या पैशांत आरशात लावलेल्या एसएसडीची एक जोडी येत असेल तर मी आधी ती घेईन.

मांजरा_लिनक्स

रीड-ओन्लीचं मी सांगतो.

रिलेशनल डेटा स्टोअरच्या डिस्कवर मोकळी जागा १०२४ एमबीच्या खाली गेली की ते स्वतःहून रीड-ओन्ली होतं. हा बिघाड नाही, डेटा वाचवण्याची युक्ती आहे. त्याचा स्वतःचा आपोआप होणारा बॅकअप मूळ सेटिंगनुसार त्याच मशीनवर पडतो. रात्री तो पडला, जागा संपली, सकाळी एडिट बंद. तुमचा व्हीएम बॅकअप नुसता त्याच वेळी चालतो म्हणून बदनाम झाला असण्याची शक्यता बरीच. बॅकअपची जागा कॉन्फिगरबॅकअपलोकेशन टूलने बाहेरच्या शेअरवर हलवा, सीची डिस्क आणि डेटाची डिस्क वेगळी करा, जागा मोकळी झाली की चेंजडेटास्टोअरमोडने रीड-राइट करा. जागा न करता नुसता मोड बदललात तर पुन्हा तेच.

दुसरी शक्यता थिन डिस्कची, म्हणजे लागेल तशीच जागा घेणाऱ्या. लनवर सगळ्या डिस्क थिन असतील आणि स्नॅपशॉटच्या (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) डेल्टा फाइल्सनी लन भरला, तर आत ४० जीबी मोकळी दिसूनही व्हीएम थिजते. लनवर किमान २० टक्के जागा मोकळी ठेवा आणि ८० टक्क्यांवर अलार्म लावा.

आता स्नॅपशॉटचं खरं दुखणं. बॅकअपचं सॉफ्टवेअर चार व्हीएमचे स्नॅपशॉट एकामागून एक घेतं. सर्व्हर १ वाजता, पोर्टल १:२०, डेटा स्टोअर २ वाजता. त्या मधल्या वेळात कुणी लेयर प्रकाशित केला तर पोर्टलच्या प्रतीत तो नाही आणि डेटा स्टोअरच्या प्रतीत आहे. असे तीन तुकडे परत आणले की एकमेकांना ओळखत नाहीत. स्नॅपशॉट घ्यायचाच तर पॅच लावण्याआधी: चारही व्हीएम बंद करा, चारहींचा एकदम घ्या, पॅच पास झाला की ७२ तासांच्या आत काढून टाका. जुना स्नॅपशॉट मिटवताना डेल्टा मूळ डिस्कमध्ये मुरवताना व्हीएम काही सेकंद गोठते. म्हणून तेही कार्यालयीन वेळेत नको.

रोजचा बॅकअप वेबजीआयएसडीआरने (एंटरप्राइझचं स्वतःचं बॅकअप टूल). ते पोर्टलच्या टूल्स फोल्डरमध्ये असतं, पोर्टलच्या मशीनवरूनच चालवायचं. प्रॉपर्टीज फाइलमध्ये पोर्टलचा पत्ता, ॲडमिन खातं, शेअर्ड लोकेशन आणि बॅकअप लोकेशन भरा. शेअर्ड लोकेशनवर पोर्टल, सर्व्हर आणि डेटा स्टोअर तिघांच्याही सर्व्हिस खात्यांना लिहिण्याची परवानगी हवी. निम्म्या वेळा एक्स्पोर्ट पडतं ते इथेच. रविवारी पूर्ण, इतर दिवशी इन्क्रिमेंटल, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून. यात एंटरप्राइझ जिओडेटाबेस येत नाही, फोल्डरमधल्या इमेज येत नाहीत. पोस्टग्रेसचा बॅकअप वेगळा, पीजी_डंप रोज आणि डेटाबेस मोठा असेल तर पीजी_बेसबॅकअप व वॉल आर्काइव्ह. आणि वेबजीआयएसडीआर परत आणताना तीच आवृत्ती आणि तेच पोर्टलचे पत्ते लागतात, तेव्हा यूआरएल एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवा. हसू नका, उपयोगी पडतं.

व्हीएम क्लोन करून टेस्ट सर्व्हर बनवायचा मोह होईल. क्लोन जुन्याच नावाने जागा होतो, आणि कॉन्फिग-स्टोअर शेअरवर असेल तर सरळ चालू यंत्रणेच्या फाइल्समध्ये लिहायला लागतो. क्लोनला वेगळ्या, बाहेर न जाणाऱ्या पोर्ट-ग्रुपमध्येच उठवा, तिथे होस्ट्स फाइलने नावं जुळवा.

खामकाठ

आज ११:४० ला मोजलं. सर्व्हर व्हीएमचा रेडी १७६, म्हणजे भागिले १६, ११ टक्के. को-स्टॉप ६. व्हीसेंटरच्या आलेखात ३५,२०० मिलिसेकंद दिसत होते, सूत्राने तेही ११ च आले. पोस्टग्रेस ९ टक्के. रात्री २ वाजता डिव्हाइस लेटन्सी ३४ मिलिसेकंद, दिवसा १२.

गोदाकाठ ताई, प्रोमध्ये तोच विस्तार दीड सेकंद, ६४४३ वर ८, बाहेरून साडेआठ. ऑर्थोला पिरॅमिड आहेत, कॅश नाही. डेटा स्टोअरच्या डिस्कवर आत्ता ३ जीबी उरलीय आणि त्यातच बॅकअपचं फोल्डर आहे.

दोन प्रश्न उरले. कार्यालयाच्या ४ व्हीएम, ३२ व्हीसीपीयूच्या, दुसऱ्या होस्टवर हलवल्या तर पुरेल का? आणि लाइट गेल्यावर यूपीएस १५ मिनिटं टिकतो, जनरेटर कधी चालू होतो कधी नाही. असं झालं की पोर्टल वर येतं पण लॉगिन होत नाही.

रॅक_नंबर_३

पुरेल. जीआयएसचे २४ आणि उरलेले ३२, म्हणजे ५६ व्हीसीपीयू ३२ कोअरवर, पावणेदोनास एक. दुसऱ्या होस्टवर ७२, सव्वादोनास एक. सर्व्हर आणि पोस्टग्रेसला सीपीयू रिझर्व्हेशनही द्या. व्हीसीपीयू कमी करताना व्हीएम बंद करावी लागते, आणि कोअर पर सॉकेट ८ ठेवा, ८ सॉकेट × १ नको. पुन्हा मोजा ते ११ ते १ मध्येच. रविवारी मोजून छान वाटतं, त्याला अर्थ नाही. रेडी ४ च्या खाली यायला हवा.

रात्रीची ३४ लेटन्सी बॅकअपची आहे, दिवसाच्या तक्रारीशी तिचा संबंध नाही. दोन्हीची एकच फाइल करून प्रस्ताव टाकू नका, वरून नेमका तिसरा होस्ट मंजूर होईल आणि डिस्क तशाच राहतील. ईएसएक्सआय ७ वर असाल तर आणखी एक गोष्ट: त्याचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून कायमचे परवाने मिळणंही बंद झालंय, वर्गणीच आहे. नूतनीकरणाचा आकडा प्रस्तावात आधीच धरा.

मांजरा_लिनक्स

वर्गणी डोईजड वाटली तर प्रॉक्समॉक्सवरही हे सगळं नीट चालतं. सीपीयू टाइप होस्ट, डिस्क व्हर्टआयओ स्कझी सिंगल, आयओ थ्रेड चालू, बलूनिंग बंद, न्यूमा चालू. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी घालून मग डिस्क हलवा, नाहीतर निळा पडदा.

लाइटचं. डेटा स्टोअर उभं राहण्याआधी सर्व्हर आला, किंवा सर्व्हर येण्याआधी पोर्टल आलं, की सगळं चालू दिसतं पण व्हॅलिडेशन पडतं. चालू करायचा क्रम: डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, पोस्टग्रेस, डेटा स्टोअर, सर्व्हर, पोर्टल, शेवटी वेब ॲडॉप्टर. व्हीसेंटरच्या एचएमध्ये (होस्ट पडला की व्हीएम पुन्हा उठवणारी सोय) रीस्टार्ट प्रायॉरिटी याच क्रमाने लावा आणि टप्प्यांमध्ये ३ ते ५ मिनिटांचा उशीर द्या. एचए नसेल तर होस्टच्या ऑटोस्टार्टमध्ये हेच. बंद करताना बरोबर उलटा क्रम, आणि तो माणसाच्या भरवशावर नको: यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर बॅटरीवर ५ मिनिटं झाली की बंद करण्याची स्क्रिप्ट सुटली पाहिजे. १५ पैकी १० मिनिटं चार व्हीएम सुखरूप मिटवायला लागतात. जनरेटर आला तर आला.

लॉगिन न होण्याचं दुसरं कारण घड्याळ. होस्टच्या मदरबोर्डची बॅटरी संपलेली असते, लाइट आल्यावर होस्ट भलत्याच तारखेत जागा होतो, व्हीएम त्याच्याकडून वेळ घेतात, आणि पोर्टल-सर्व्हरमधले टोकन जन्मतःच कालबाह्य. दोन्ही होस्टना एनटीपी लावा. डोमेन कंट्रोलर याच होस्टवरची व्हीएम असेल तर तिला वेळ होस्टकडून घेऊ देऊ नका आणि होस्टला तिच्याकडून नको, दोघांनाही बाहेरचा सर्व्हर द्या.

आणि त्या ३ जीबीचं आजच बघा, सोमवारची वाट नको.